तीन सायकली आणि एक दुरुस्ती-स्टँड: राजारामपुरीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाचे आणि घरी सायकलीचे काम करताना तिला धरून ठेवणाऱ्या स्टँडच्या निवडीचे आहे. कुटुंबप्रमुख कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात आणि त्यांचे वय ५४ आहे. रविवारी सायकलने पन्हाळ्याला जाणाऱ्या आमच्या गटात त्यांना सगळे ‘सर’ आणि त्यांच्या पत्नींना ‘वहिनी’ म्हणतात, म्हणून या लेखातही तीच संबोधने वापरली आहेत. मूळ नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घरात तीन सायकली होत्या आणि पुढचा सगळा गुंता त्या तिघींच्या वेगळेपणातून निर्माण झाला. सरांची सायकल अॅल्युमिनियमच्या फ्रेमची हायब्रीड होती. तिला पुढे तीन आणि मागे आठ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय हाताने खटका सोडून निघणारी चाके होती. मुलीने पुण्याहून जुनी विकत आणलेली रोड सायकल पूर्ण कार्बनची होती. तिची सीट पोस्ट, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते ती नळीही कार्बनचीच, शिवाय गोल नसून वारा कापण्यासाठी चपट्या आकाराची होती. वहिनींची सायकल पुढे टोपली आणि मागे कॅरिअर असलेली लोखंडी लेडीज सायकल होती. तिची चाके नटांनी आवळलेली, सीट जवळजवळ तळाशी टेकलेली आणि वजन सुमारे १८ किलो होते.

पन्हाळ्याचा रस्ता केर्लीवरून वाघबीळकडे चढत जातो आणि शहरापासून गड सुमारे २० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात त्या रस्त्यावरची तांबडी माती चेनमध्ये बसते, तर गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांतून सांडलेला चिखल वाळून धूळ होतो आणि तोही तेलाला चिकटतो. त्यामुळे सायकल आठवड्यातून किमान एकदा पुसून, चेन साफ करून तेल देणे भाग पडते आणि या कामाला वर्षभर सुट्टी नसते.

अडचण

सर ही कामे सायकल उलटी करून, हँडल आणि सीट जमिनीवर टेकवून करत असत. आपल्याकडे पंक्चर काढताना सगळेच असे करतात आणि साध्या सायकलीला त्याने काही बिघडत नाही. येथे मात्र तीन त्रास एकाच वेळी सुरू झाले.

पहिला त्रास कमरेचा होता. तासभर उकिडवे बसल्यावर सरांना उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. दुसरा गिअरचा होता: सायकल उलटी असली की शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका जमिनीजवळ जातो, चेन उलट्या बाजूने लोंबते आणि कोणता स्क्रू कोणत्या दिशेने फिरवायचा याचा अंदाज प्रत्येक वेळी नव्याने बांधावा लागतो. तिसरा त्रास सर्वांत गंभीर होता. एका रविवारी सायकल सुलटी करून निघाल्यावर पुढच्या ब्रेकची मूठ थेट हँडलला टेकली. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मुठीपाशी तेलाची छोटी टाकी असते आणि तिच्यात थोडी हवा राहिली असेल तर सायकल सरळ असताना ती वरच थांबते. सायकल उलटी केल्यावर हीच हवा तेलाच्या वाटेत शिरू शकते, आणि हवा दाबली जात असल्याने मुठीचा जोर पॅडपर्यंत पोहोचत नाही. काही वेळा सायकल सरळ ठेवून मूठ सावकाश बऱ्याचदा दाबल्यावर ब्रेक पूर्ववत होतो. येथे तसे झाले नाही आणि दुकानात नेऊन ब्रेकमधील हवा काढून घ्यावी लागली. पावसाळ्याचे दिवस असल्याने दुकानात रांग होती आणि सायकल सहा दिवसांनी परत मिळाली.

विचारात घेतलेले पर्याय

सर्व दुरुस्ती दुकानावर सोपवावी हा पहिला विचार होता. मात्र दर आठवड्याची साफसफाई दुकानात नेऊन करून घेणे व्यवहार्य नव्हते, आणि सरांना ते काम मनापासून आवडत होते, हेही येथे नोंदवायला हवे.

गॅलरीत झोपाळ्याची कडी होती. तिला दोन दोऱ्या बांधून एक सीटच्या नाकाला आणि दुसरी हँडलला अडकवायची, म्हणजे सायकल हव्या त्या उंचीवर टांगता येते. अनेक जुन्या दुकानांत छताला साखळी बांधून असेच काम चालते. सरांनी हा प्रयोग एकदा केला. चेन पुसण्यापुरता तो ठीक होता, पण पाना लावून जोर दिला की सायकल झोपाळ्यासारखीच मागे जाई.

तयार स्टँडमध्ये त्यांच्यासमोर तीन जाती होत्या. मागच्या धुऱ्याजवळ दोन आकड्यांनी फ्रेम उचलणारे छोटे स्टँड स्वस्त असते. त्यावर मागचे चाक जमिनीपासून काही सेंटिमीटर उचलले जाते आणि मोकळे फिरते. दुसरी जात जबड्याच्या स्टँडची आहे. तीन पायांवर एक खांब असतो, त्याच्या टोकाला रबर लावलेला जबडा असतो, त्यात सीट पोस्ट पकडायची आणि सायकल छातीच्या उंचीवर अधांतरी ठेवायची. तिसऱ्या जातीत पुढचे चाक काढून ते ज्यात बसते तो चिमटा एका धारकात आवळतात आणि पायडलांचे दोन्ही दांडे, म्हणजे क्रँक, जोडणारा आस ज्या नळीत बसतो ती नळी, म्हणजे बीबी (बॉटम ब्रॅकेट), एका मऊ टेकूवर ठेवतात. या जातीत सायकलीची कुठलीही पातळ नळी दाबली जात नाही.

दुरुस्ती-स्टँडचा उगमही कमरेच्या दुखण्यात आहे, हे या निमित्ताने सांगण्यासारखे आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतील सेंट पॉल येथे सायकलीचे दुकान चालवणाऱ्या दोघांनी वाकून काम करण्याला कंटाळून स्वतःसाठी एक स्टँड तयार केले आणि त्यातूनच पार्क टूल ही हत्यारे बनवणारी कंपनी उभी राहिली.

पहिला निर्णय: लहान स्टँड

सरांनी सुरुवातीला आकड्यांचे छोटे स्टँड घेतले. आमच्या गटातील काहींनी ‘पुढे मोठे घ्यावेच लागेल, मग हा खर्च कशाला’ असे म्हटले होते आणि पुढे ते खरेही ठरले. तरीही माझ्या मते हा निर्णय चुकीचा नव्हता. या काळात सर प्रत्येक कामाची नोंद एका वहीत ठेवत होते. तीन महिन्यांत तीसेक नोंदी झाल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक चेन साफ करून तेल देण्याच्या होत्या. त्याखालोखाल गिअर जुळवणे आणि पंक्चर, तर ब्रेकचे पॅड बदलणे क्वचित. चाकाचा आऊट काढणे, म्हणजे डगमगणारे चाक सरळ करणे, किंवा बीबी उघडणे असे एकही काम त्यांनी घरी केले नव्हते. दुकानात स्टँड पाहताना ज्या जड कामांची भीती मनात असते ती घरी प्रत्यक्षात येतच नाहीत, हे त्या वहीमुळे समजले.

छोट्या स्टँडने उलटी सायकल सुलटी झाली, ब्रेकचा प्रश्न मिटला, पण कंबर तशीच राहिली, कारण गिअर अजूनही घोट्याच्या उंचीवर होते. याच काळात एक चूक घडली. गिअर मागच्या चाकावरच्या तिसऱ्या आणि चौथ्या दातेरी चकतीमध्ये अडखळू लागले, तेव्हा सरांनी दोन संध्याकाळी केबलचा ताण बदलणारी पुंगळी पाव-पाव फेरा फिरवण्यात घालवल्या. एका बाजूला जुळले की दुसऱ्या बाजूला बिघडे. खरा दोष ज्या छोट्या कानावर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग टांगलेला असतो त्या कानात होता. सायकल पडल्यामुळे तो किंचित आत वाकला होता. मागून, डोळ्यांच्या रेषेत पाहिले असते तर डिरेलरची लहान दातेरी चाके वरच्या चकतीच्या रेषेत नाहीत हे लगेच दिसले असते. जमिनीवर बसून ते दिसत नव्हते. मोठ्या स्टँडचा विचार येथून गंभीरपणे सुरू झाला.

दुसरा निर्णय: जबड्याचे स्टँड

सरांनी जबड्याचे, घडी होणारे, तीन पायांचे अॅल्युमिनियमचे स्टँड मागवले. वजन पेलण्याची क्षमता ३० किलो लिहिलेली होती आणि घरातली सर्वांत जड सायकल १८ किलोची असल्याने प्रश्न मिटला असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात क्षमतेच्या त्या आकड्याचा या प्रकरणात पुढे काहीही संबंध आला नाही.

पहिल्याच दिवशी सीट पोस्टला बांधलेली छोटी पिशवी काढण्याचा कंटाळा करून त्यांनी जबडा दांडीवर लावला. दांडी म्हणजे लहानपणी ज्यावर बसून आपण शाळेत गेलो ती नळी, त्यामुळे ती दणकट असणार असे मन सहज धरून चालते. परंतु जुन्या लोखंडी सायकलीची दांडी वेगळी आणि हलक्या अॅल्युमिनियम फ्रेमची वेगळी. हलक्या फ्रेममध्ये नळी टोकांना जाड आणि मधोमध पातळ ठेवतात. मधल्या भागात तिची जाडी १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकते. अशी नळी चालवताना येणारा ताण उत्तम पेलते, पण बाजूने आवळलेला जबडा पेलण्यासाठी ती बनवलेली नसते. सरांच्या दांडीला नखाएवढा पोचा आला आणि दांडीलगत गेलेली गिअरची केबलही दबली. पोचा उथळ असल्याने सायकल आजही चालते, पण तो दर आठवड्याला समोर दिसतो.

त्यानंतर नियम ठरला की पिशवी काढायची, सीट पोस्ट पुसायची आणि जबडा तेथेच, सायकल स्वतःच्या वजनाने फिरणार नाही इतकाच आवळायचा. पोस्टवर चिखलाचे कण राहिले तर जबड्याचे रबर सँडपेपरसारखे काम करते, म्हणून पुसणे आधी येते.

गच्चीवरचा प्रसंग

जागेचा विचार स्टँड घरी आल्यानंतर झाला. गॅलरी ४ फूट रुंद होती, स्टँडचे पाय पसरल्यावर जवळपास एक मीटर जागा लागत होती आणि त्याला आडवी पावणेसहा फूट लांबीची सायकल लटकत होती. गॅलरीत सायकल मावली की सर मावत नव्हते. म्हणून स्टँड गच्चीवर नेण्यात आले.

गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार असतो. सरांनी सायकलीची बाजू उताराकडे ठेवली आणि जाम झालेले डावे पायडल काढण्यासाठी लांब पाना लावला. एकाच वेळी तीन गोष्टी विरुद्ध गेल्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्या क्षणी लक्षात न राहिल्याने ते सोडवण्याऐवजी अधिक घट्ट करत होते. पाना लांब असल्याने जोर मोठा होता. आणि जबड्याच्या स्टँडवर सायकल खांबाच्या एका बाजूला लटकत असल्याने तिचा भार आधीच उताराकडे झुकलेला होता. एक पाय उचलला गेला, स्टँड कलले आणि सायकलीचे हँडल कठड्यावर आदळले. घंटी फुटली, हाताला खरचटले, इतक्यावर निभावले. गुरुत्वमध्यातून खाली येणारी उभी रेषा पायांच्या क्षेत्रात पडली पाहिजे, हे जे अकरावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर काढतात त्यांच्या हातून हे घडले, याची आठवण गटात अजूनही काढली जाते.

या प्रसंगातून दोन बदल झाले. पायडल, क्रँक आणि बीबी अशी जोर लागणारी कामे सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी करूनच करायची असे ठरले. पायडल सोडवताना पाना वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलायचा; डावे असो वा उजवे, दोन्ही त्याच दिशेने सुटतात, त्यामुळे आट्यांची दिशा पाठ करावी लागत नाही. दुसरा बदल जागेचा होता. इमारतीच्या पार्किंगमधील शहाबादी फरशी सपाट होती आणि शेजाऱ्यांना विचारून रविवारी दुपारचे दोन तास तेथील एक कोपरा मिळाला.

तिसरा निर्णय: कार्बनची सायकल

मुलीच्या सायकलीला जबडा कुठेच लावता येत नव्हता. कार्बनच्या नळीला बाजूने दाब दिल्यास आतील थर तुटू शकतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. साधारणपणे अशा वेळी कार्बनची गोल सीट पोस्ट काढून तिच्या जागी त्याच मापाची जुनी अॅल्युमिनियमची पोस्ट घालतात आणि जबडा तिला लावतात. येथे पोस्ट चपटी असल्याने तीही वाट बंद होती. उरला तो चिमटा आवळणारा प्रकार, आणि तसे तयार स्टँड जबड्याच्या स्टँडच्या दुपटीहून महाग होते.

सरांनी शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन चित्र काढून दाखवले: ४० मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, पुढच्या टोकाला चिमट्याचा धारक, मध्ये बीबीसाठी टेकू आणि खाली कमरेच्या उंचीचे चार पाय. कारागिराने चित्र निरखून विचारले, “सर, सायकल ठेवायचीय का बैल बांधायचाय?” त्याच्या सल्ल्याने पाइप थोडा हलका झाला आणि पायांना आडव्या पट्ट्या आल्या.

धारकाचे काम मात्र लेथवर काटेकोर व्हावे लागले. या सायकलीच्या पुढच्या चाकाचा आस १२ मिलिमीटर जाडीचा आणि चिमट्याच्या दोन टोकांमधील अंतर १०० मिलिमीटर होते. धारकाची लांबी यापेक्षा कमी असेल तर आस आवळताना चिमट्याचे दोन्ही पाय आत ओढले जातात, आणि कार्बनच्या चिमट्याला ते चालत नाही. पहिला नग व्हर्नियरने मोजला तेव्हा ९८.६ मिलिमीटर भरला. कारागिराच्या दृष्टीने दीड मिलिमीटरने काही अडत नव्हते. सरांनी तो परत केला, दुसरा नग पुरत्या १०० चा करून घेतला आणि त्याची मजुरी वेगळी दिली. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत योग्य ठरलेला निर्णय मला हाच वाटतो, कारण तो निर्णय कोणतेही नुकसान घडण्यापूर्वी घेतला गेला.

बीबीच्या टेकूवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते. पण या सायकलीच्या गिअरच्या केबली बीबीच्या तळाखालून जातात आणि सायकल टेकूवर ठेवली की त्या दबून गिअर आपोआप बिघडलेले दिसत. गिअर जुळवायचे आणि सायकल खाली उतरवली की पुन्हा जुळवायचे, असे दोनदा झाल्यावर कारण लक्षात आले. रबराला मधोमध खाच पाडल्यावर हा त्रास संपला. पुढचे चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ चुकून दाबली जाऊ नये म्हणून पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी ठेवण्याची सवयही मुलीने लावून घेतली, कारण मध्ये डिस्क नसताना मूठ दाबली तर पॅड एकमेकांकडे सरकून बसतात आणि चाक परत बसत नाही.

वहिनींची सायकल

तिसऱ्या सायकलीसाठी सरांनी बराच विचार केला होता. सीट वर ओढून पोस्टचा भाग उघडा करायचा, पोस्टवरील कमाल उंचीच्या खुणेच्या पुढे जायचे नाही, मूळ उंचीवर टेप लावून ठेवायचा, टोपलीमुळे पुढचा भाग जड होऊन सायकल जबड्यात फिरते म्हणून हँडल पट्ट्याने बांधायचे, आणि १८ किलो वजन उचलायला दोघांनी हात लावायचा. एका रविवारी ही तयारी पार्किंगमध्ये मांडली गेली. वहिनी खाली आल्या, त्यांनी पायाने सायकलीचे मागचे स्टँड पाडले, सायकल त्यावर ओढली, मागचे चाक हाताने फिरवून दाखवले आणि म्हणाल्या, “अहो, हिला स्टँड आहे की आधीच.”

कॅरिअरखालचे ते दोन पायांचे स्टँड मागचे चाक जमिनीपासून उचलते. त्या सायकलीला गिअर नव्हते. तिला लागणारे काम चेनला तेल, ब्रेकचे रबर आणि कधीतरी पंक्चर एवढेच होते. वहीतील नोंदी वाचल्या असत्या तर हेच दिसले असते, पण सरांनी तोपर्यंत त्या वहीत फक्त दोन सायकलींची पाने ठेवली होती.

परिणाम

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे. हायब्रीडची साप्ताहिक कामे जबड्याच्या स्टँडवर उभ्याने होतात आणि कमरेची तक्रार राहिलेली नाही. चेन डोळ्यांसमोर आल्यामुळे सर ती आता मोजतात. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ती सोळांश इंचाने वाढली की चेन सुमारे अर्धा टक्का झिजली असे धरतात. या मोजणीमुळे मुलीच्या सायकलीची चेन वेळेवर बदलली गेली आणि मागच्या चकत्या वाचल्या.

दुकानाशी संबंध तुटला नाही. ब्रेकमधील हवा काढणे, चाकाचा आऊट काढणे आणि बीबी ही कामे तेथेच जातात. दुकानदारांनी सुरुवातीला थोडी नाराजी दाखवली होती, पण सायकल स्वच्छ आणि दोष नेमका सांगून येऊ लागल्यावर ती मावळली.

वेगळे काय करता आले असते

खरेदीपूर्वी तिन्ही सायकलींवर हात ठेवून ‘हिला कुठे धरता येईल’ एवढे पाहिले असते, तर दांडीचा पोचा टळला असता आणि कार्बनच्या सायकलीचा प्रश्न स्टँड आल्यानंतर समोर आला नसता. सीट पोस्ट गोल आहे का, कशाची आहे आणि तिचा किती भाग उघडा आहे, हे तीन प्रश्न पुरेसे होते. जागाही आधी मोजायला हवी होती. टेपने गॅलरी मोजायला दोन मिनिटे लागली असती.

वाकलेल्या कानाच्या बाबतीत मला सरांपेक्षा आमच्या गटाची चूक अधिक वाटते. केबलचा ताण बदलण्यापूर्वी मागून एकदा पाहा, हे आम्हा दोघा-तिघांना माहीत होते आणि कोणी सांगितले नाही.

उद्यमनगरचे स्टँड एकाच सायकलीच्या मापाचे बनवणे ही उणीव अजून उरली आहे. गेल्या महिन्यात मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली, सोबत सायकलही गेली आणि ते स्टँड पार्किंगच्या कोपऱ्यात रिकामे राहिले. धारक सुरुवातीपासून बोल्टने बदलता येईल असा केला असता तर पुन्हा वेल्डिंग कापावे लागले नसते. हायब्रीडच्या क्विक रिलीजच्या चिमट्यासाठी ९ मिलिमीटरचा, तितक्याच १०० मिलिमीटर अंतराचा धारक बसवून घ्यायला सर परवा पुन्हा त्याच शेडमध्ये गेले, तेव्हा कारागिराने त्यांना पाहताच व्हर्नियर काढून टेबलावर ठेवले होते.